तुटक रेघ

धोरण ऐकायला कुणी आलं नव्हतं, आले होते ते पेट्रोलसाठी. दारात नाव सांगायचं, चिठ्ठी घ्यायची, आणि सभा संपल्यावर ज्याचा नंबर निघेल त्याला पेट्रोलचं अख्खं पिंप. एप्रिल महिना, सीलची पिल्लं बर्फावर आलेली, दिवस लांबलेला. अशा वेळी शिकारीच्या बर्फगाडीत घालायच्या पेट्रोलसाठी माणूस काय वाट्टेल ते ऐकून घेतो. एक वाजायच्या आत हॉल भरला होता.

उलूती कोपऱ्यातल्या प्लायवूडच्या खोपटीत बसली होती. पुढ्यात माइक, कानांवर हेडफोन आणि पाठीवर कोटाच्या मोठ्या पिशवीत सात महिन्यांची जोपी. तीस वर्षं ती या वस्तीची दुभाषी होती. दवाखाना असो, विमानानं येणारं कोर्ट असो की सरकारी सभा, इंग्रजी एका बाजूनं तिच्या कानात शिरायची आणि आमची भाषा दुसऱ्या बाजूनं तोंडातून बाहेर पडायची. मध्ये तिचं स्वतःचं काही म्हणणं असू शकतं, हे लोक विसरूनच गेले होते. तीही विसरली होती म्हणा ना.

कॅनडाच्या राजधानीतून, ओटावाहून आलेल्या दुशेनबाई उभ्या राहिल्या. उत्तरेच्या थंड प्रदेशातल्या आरोग्य-संशोधनाचं राष्ट्रीय धोरण, मसुदा, पानं बासष्ट. बाई मनानं चांगल्या होत्या. मागच्या संशोधकांनी केलेल्या चुकांबद्दल त्यांनी आल्या आल्या माफी मागितली. दक्षिणेकडची माणसं आमच्याकडे दोनच कारणांनी येतात, मोजायला नाहीतर माफी मागायला. या खेपेला दोन्ही कामं एकाच विमानानं आली होती.

पहिल्या रांगेतला म्हातारा मोसेसी उठला. "माझ्या लहानपणी यांची माणसं आमच्या डोक्यांची मापं घ्यायला यायची," तो म्हणाला. "आता मतं घ्यायला येतात. तेव्हाही जाताना चहाचं पाकीट देऊन गेले होते. आज पेट्रोल म्हणे. म्हणजे भाव वाढलाय आपला."

हॉल हसला. उलूतीनं ते बाईंना जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. बाईंनी मान खाली घालून लिहून घेतलं. तिसऱ्या रांगेत रोडा बसली होती, तीसुद्धा हसली. पाद्लूक गेल्यापासून तीन महिन्यांत रोडा पहिल्यांदाच हसत होती. ते पाहून उलूतीनं नजर काढून घेतली.

रोडा म्हणजे उलूतीची नणंद, नवऱ्याची धाकटी बहीण. आणि पाद्लूक या दोघींची मुलगी. रोडानं तिला जन्म दिला आणि तिसऱ्या दिवशी वहिनीच्या मांडीवर ठेवली. उलूतीला मूल होत नव्हतं, रोडाला आधीची तीन होती. आमच्याकडे मूल असंच दिलं जातं, त्यात लपवाछपवी नाही आणि रडारडही नाही. नाव ठेवायचा मान उलूतीचा. तिनं आपल्या मेलेल्या आईचं नाव ठेवलं, आणि ज्याचं नाव तोच माणूस परत आला, हे तर शेंबडं पोरसुद्धा जाणतं. म्हणून उलूती त्या पोरीला जन्मभर "आई" म्हणत आली. आई, जेव. आई, टोपी घाल. आई, इतक्या उशिरापर्यंत कुठे होतीस?

मग रोडाचा मुलगा जोपी गेला. एकोणीस वर्षांचा धट्टाकट्टा पोरगा, जाळं ओढताना गार पाण्यात पाय घसरला, गुडघाभर पाणीसुद्धा नव्हतं, आणि बाहेर काढला तेव्हा संपलेला. रोडाचा नवरा इसाकी असाच गेला होता, आणि इसाकीचे दोन भाऊही. त्या घराण्यातली माणसं दचकली की मरतात, असं वस्तीत म्हणायचे. जोपीला पुरून महिना झाला आणि रोडा उलूतीच्या दारात येऊन उभी राहिली. पाद्लूक तेव्हा चौदा वर्षांची होती.

"वहिनी, माझी मला परत दे," रोडा म्हणाली. "चौदा वर्षं ठेवलीस. माझं घर रिकामं झालंय."

"एलायजा आहे, मेरी आहे," उलूती म्हणाली. "तुझं घर कुठे रिकामं?"

"तुझ्याकडे देताना मी मोजून दिली होती का?"

उलूतीचा नवरा लुकासी तेव्हा होता. त्यानं बहिणीला आत बसवलं, चहा दिला, गोठवलेला मासा कापून पुढे ठेवला. रोडानं खाल्लं नाही. तो विषय पुन्हा कुणी काढला नाही, पण उलूतीच्या काळजात तो काट्यासारखा रुतून बसला. रस्त्यानं रोडा येताना दिसली की ती पाद्लूकचा हात घट्ट धरायची.

त्याच शरद ऋतूत डॉक्टर फेर्ली आले, दक्षिणेतल्या विद्यापीठाचे. इसाकीच्या घराण्यातल्या हृदयाच्या दोषाचा शोध घ्यायला. दोष रक्तातून उतरतो, आई-बापाला असला तर मुलाला असण्याची शक्यता अर्धी. गोळ्या घेतल्या तर माणूस म्हातारा होऊन मरतो, नाही घेतल्या तर एखाद्या भोंग्यानं, गजरानं, कुत्र्याच्या भुंकण्यानंही मरतो. म्हणून आधी वंशावळ हवी. घरोघर जाऊन ती कोण काढणार? उलूती.

डॉक्टरांनी तिला तीन दिवस शिकवलं. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. गेलेल्या माणसावर तिरकी काट. जन्म दिला असेल तर अख्खी रेघ, आणि घेतलेलं मूल असेल तर तुटक रेघ.

"तुटक कशाला?" उलूतीनं विचारलं होतं.

"रक्ताचं नातं नाही ना, म्हणून," डॉक्टर म्हणाले. "त्यात काही कमीपणा नाही. फक्त रक्त कुठून आलं ते आम्हाला कळायला हवं."

कमीपणा नाही म्हणे. दात नसलेल्या पोरीला मांस चावून भरवलं, गोवराच्या तापात नऊ रात्री छातीशी धरली, ती रेघ तुटक. आणि तीन दिवस दूध पाजलं ती अख्खी. उलूतीनं एकशे बारा माणसांची वंशावळ काढली, एकेक नाव तपासून, आणि दत्तक गेलेल्या अकरा मुलांच्या रेघा शिकवल्याप्रमाणे तुटक काढल्या. बारावी पाद्लूकची. तिथे तिचा हात थांबला. तिच्या मनात एकच आलं, की हा कागद सरकारात जाणार, शिक्का बसणार, आणि उद्या रोडा तो घेऊन दारात येणार. तिनं आपल्या गोलापासून पाद्लूकच्या गोलापर्यंत अख्खी रेघ ओढली. रोडाच्या बाजूला काहीच काढलं नाही.

रक्त द्यायला वंशावळीवरून चिठ्ठ्या गेल्या. एकमेकांना काही विचारायचं नाही, ज्याचं त्याला कळवलं जाईल, असा नियम होता. एलायजा आणि मेरी दोघांतही दोष निघाला. दोघं आजही गोळ्या खातात, दोघं जिवंत आहेत. पाद्लूकला चिठ्ठी आली नाही. कशी येणार?

एकदा दुकानात, दुधाच्या पावडरीपुढे, रोडानं तिला गाठलं होतं. "नियम आहे, माहीत आहे मला," ती दबक्या आवाजात म्हणाली होती. "पण एवढंच सांग. पाद्लूकचं काय आलं?"

"ठीक आहे," उलूती म्हणाली होती.

रोडानं तिचा हात दाबला आणि डोळे पुसले. पुढच्या फेरीला दुरुस्त करू, असं उलूतीनं मनाला समजावलं. पुढची फेरी आलीच नाही. पैसे संपले, डॉक्टर फेर्ली निवृत्त झाले. आज सांगू, उद्या सांगू करता करता बारा वर्षं निघून गेली, आणि पोरगी तर टुणटुणीत होती. टुणटुणीत माणसाची कुणाला काळजी वाटते?

जानेवारीत एका सकाळी पाद्लूकच्या मोबाइलचा गजर वाजला. उलूती चहा करत होती. गजर वाजतच राहिला. "आई, बंद कर ते," उलूती ओरडली. "लेकरू उठेल." लेकरू उठलंच, रडायला लागलं, आणि त्याची आई शेजारी तशीच पडून होती. सव्वीस वर्षांची, चार महिन्यांची बाळंतीण. उलूतीनं तिच्या गालाला हात लावला आणि तिला सगळं कळलं. डॉक्टरांनी, नर्सनं, कुणीही सांगायच्या आत कळलं. प्रेत तपासायला दक्षिणेला गेलं, आणि कागद आला: कारण अज्ञात, नोंदींनुसार घराण्यात हृदयविकार नाही. त्या नोंदी कुणी केल्या होत्या, ते उलूतीला ठाऊक होतं. तो कागद तिनंच रोडाला वाचून दाखवला.

तेव्हापासून लेकरू तिच्या पाठीवर होतं. बाप खाणीवर कामाला, दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे पत्ते खेळायला. पाद्लूकनं मुलीचं नाव जोपी ठेवलं होतं, रोडाच्या गेलेल्या पोराचं. मुलगी असली म्हणून काय झालं, नाव जोपीचं म्हणजे जोपीच. रोडा तिला "माझा लेक" म्हणायची आणि निळे मोजे विणून आणायची. आणि आता तिनं पुन्हा मागणी केली होती, तोंडानं नव्हे, पण रोज येऊन, पोरीला मांडीवर घेऊन, उशिरापर्यंत न उठून.

उलूतीनं घरातला फोन टॉवेलात गुंडाळून ठेवला होता. रोज दुपारी बाराला वस्तीचा भोंगा व्हायचा, त्याआधी पाच मिनिटं ती पोरीचे कान झाकून बसायची. "अगं वहिनी, हे काय खूळ?" रोडा म्हणायची. "बहिरी करशील माझ्या लेकाला." एकदा उलूती दवाखान्यात जाऊन पोरीचं हृदय ऐकवूनही आली होती. नर्स नवीन, तीन आठवड्यांपूर्वी आलेली. तिनं नळी लावली, छान आहे म्हणाली. ईसीजी काढा, असं उलूती म्हणू शकली असती. का काढू, असं नर्सनं विचारलं असतं. त्या प्रश्नाच्या उत्तरात पाद्लूकचा मृत्यू होता, दुकानातलं खोटं होतं, आणि ही पोरगीही रोडाच्या घरी जाणार हे होतं. म्हणून ती छान आहे एवढंच ऐकून परत आली. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

तर त्या दिवशी हॉलमध्ये दुशेनबाई चौथ्या कलमापर्यंत पोचल्या होत्या. आवाज जरा खुलला होता. "संशोधनाचे कागद यापुढे दक्षिणेत पडून राहणार नाहीत," त्या म्हणाल्या. "ते वस्तीच्या मालकीचे असतील. आणि त्याचा फायदा आजच्या आज दिसायला हवा. तुमच्याकडे हृदयाचा जो अभ्यास झाला, तो आम्ही देशभर नमुना म्हणून दाखवतो. तुमच्याच बाईनं काढलेली वंशावळ, एकशे बारा नावं, एकही चूक नाही."

उलूती यंत्रासारखी बोलत होती. सगळ्यांच्या कानात तिचाच आवाज. एकही चूक नाही, तिनं सांगितलं. मोसेसीनं वळून तिच्याकडे पाहिलं आणि भुवया उंचावल्या, शाबासकीच्या. काही बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"या यादीतल्या प्रत्येक घराण्यात जन्मणाऱ्या बाळाची तपासणी आता सरकार करील. औषधं फुकट. यादी या महिन्यात पक्की होईल."

रोडा उभी राहिली. खुर्चीची पाठ धरून बोलली, सभेत बोलायची तिला सवय नव्हती. "माझी एक मुलगी वारली जानेवारीत. पाद्लूक. तिची पोर आहे, ती बघा, तिथे माझ्या वहिनीच्या पाठीवर. पाद्लूकची तपासणी झाली होती, तिला काही नव्हतं. तरी विचारते. माझं एक पोर गेलंय त्यानं, म्हणून. या पोरीला तपासतील का?"

उलूतीनं ते इंग्रजीत सांगितलं. शब्द न शब्द सांगितला. बाईंनी चष्मा लावला, कागद चाळले, बोट फिरवत एका पानावर थांबल्या. मग हसून, अगदी आश्वासक आवाजात म्हणाल्या, "काळजी करू नका. पाद्लूक त्या घराण्यात येतच नाही. तिची आई वेगळी, कुळ वेगळं. बाळाला धोका नाही. तपासणीची गरज नाही."

सगळा हॉल भाषांतराची वाट पाहत होता. रोडा उभीच होती, एका हातानं हेडफोन कानावर दाबून धरलेला. पाठीवर जोपीनं झोपेत उसासा टाकला, त्याची ऊब उलूतीच्या मानेला लागली. एवढं एक वाक्य. बाळाला धोका नाही. तीस वर्षांत तिनं यापेक्षा कठीण वाक्यं सांगितली होती, लोकांना त्यांच्या मुलांच्या शिक्षा सांगितल्या होत्या, कॅन्सर सांगितले होते. तिनं माइकजवळ तोंड नेलं, पण ते वाक्य सांगितलं नाही.

"रोडा," ती माइकमध्ये म्हणाली, "बाई म्हणतात पाद्लूक यादीत नाही. बाईंचं चुकलेलं नाही. यादी मी लिहिली. पाद्लूकची रेघ तुझ्याकडे आणि इसाकीकडे जायला हवी होती. मला तसं शिकवलं होतं. मी ती माझ्याकडे ओढली. तू तिला परत मागितली होतीस, म्हणून. तिचं रक्त कुणी तपासलंच नाही. दुकानात तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले. ती झोपेत नाही गेली, रोडा. गजर वाजला आणि गेली. तुझा जोपी गेला तशीच. या पोरीला धोका आहे. अर्धा आहे."

खुर्च्यांखाली खेळणारी मुलंसुद्धा थांबली, कारण मोठी माणसं थांबली होती. दुशेनबाई हसऱ्या चेहऱ्यानं उभ्या होत्या. त्यांना वाटलं, चांगली बातमी ऐकून लोक गहिवरले.

रोडानं हेडफोन काढला. त्याची वायर हळूहळू गुंडाळली आणि खुर्चीवर नीट ठेवला. मग रांगेतून वाट काढत खोपटीशी आली.

"ऊठ," ती म्हणाली.

दवाखाना हॉलपासून दोनशे पावलांवर. रोडा पुढे, उलूती मागे. वाऱ्यानं बर्फाची भुकटी गुडघ्यापर्यंत उडत होती. उलूतीला वाटत होतं, रोडानं वळून एक थोबाडीत द्यावी. रोडा वळली नाही.

त्याच नव्या नर्सला, कोलीनला, उलूतीनं सगळं इंग्रजीत सांगितलं, या वेळी स्वतःच्या तोंडानं. ती पोरगी चांगली निघाली. तिनं लगेच यंत्र काढलं, जोपीच्या एवढ्याशा छातीवर चिकटपट्ट्या लावल्या. जोपी हसत होती, पट्ट्या ओढत होती. कागदाची पट्टी बाहेर आली. नर्सनं ती दक्षिणेतल्या हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवली. "तासाभरात फोन येईल," ती म्हणाली.

दोघी बाकावर बसल्या, मध्ये एका माणसाची जागा सोडून. जोपी रोडाच्या मांडीवर होती. भिंतीवर हात धुवायचं पोस्टर होतं, त्याचं भाषांतर उलूतीनंच केलेलं.

"सव्वीस वर्षं," रोडा म्हणाली. "मी तिला एकदाही माझी म्हटलं नाही, तुला वाईट वाटेल म्हणून. एकदाच मागितली. माझं पोर मातीत घातलं होतं मी, डोकं ठिकाणावर नव्हतं. चार दिवसांनी मलाच लाज वाटली. तुला सांगायला यायचं राहून गेलं."

उलूतीनं जोपीचा निसटलेला मोजा वर ओढला.

"मी नेली नसती गं तिला," रोडा म्हणाली.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला, कर्कश्श, जुन्या पद्धतीचा. उलूतीचे दोन्ही हात आपोआप पुढे झाले आणि रोडाच्या मांडीवरच्या पोरीच्या कानांवर बसले. फोन चार वेळा वाजला. नर्सनं उचलला.

रोडा त्या हातांकडे पाहत होती. बाराचा भोंगा, टॉवेलात गुंडाळलेला फोन, सगळं तिच्या डोळ्यांत एकामागून एक जुळत गेलं.

"म्हणजे तुला रोज माहीत होतं," ती म्हणाली. "ती गेल्यापासून रोज. मी शेजारी बसलेली असायची, आणि तू कान झाकायचीस."

"हो," उलूती म्हणाली.

रोडानं तिचे हात पोरीच्या कानांवरून काढले, एकेक बोट सोडवून.

नर्स फोन ठेवून आली. दोष होता. रक्ताचा निकाल यायला दोन महिने लागतील, पण पट्टीवर स्पष्ट दिसत होतं. औषध आजपासून, पातळ, दिवसातून तीनदा, एकही वेळ चुकवायची नाही. मग तिनं एक कोरा कागद पुढे केला. "वंशावळ दुरुस्त करून पाठवायचीय," ती म्हणाली. "तुम्हाला येते ना काढायला?"

उलूतीनं पेन घेतलं. इसाकीचा चौकोन, त्यावर काट. रोडाचा गोल. त्यांच्यापासून खाली पाद्लूकच्या गोलापर्यंत अख्खी रेघ. पाद्लूकवर काट. पाद्लूकपासून जोपीपर्यंत अख्खी रेघ. मग कागदाच्या कडेला तिनं आपला गोल काढला आणि तिथून पाद्लूककडे जाणारी रेघ सुरू केली. छोटी रेघ, मग जागा, मग छोटी रेघ, मग जागा. आई, जेव. आई, टोपी घाल. शेवटचा तुकडा पोचला तेव्हा तिला कागद दिसत नव्हता.

"बाळ कुणाच्या घरी राहणार?" नर्सनं विचारलं. "औषधाची जबाबदारी कुणाची लिहू?"

उलूतीनं नर्सच्या हातातला फॉर्म ओढून घेतला आणि त्या ओळीवर रोडाचं नाव लिहिलं. कोट उतरवला आणि रोडापुढे धरला, कारण रोडाच्या अंगावर साधा कोट होता, पिशवी नसलेला. रोडानं तो घातला. पोरीला पिशवीत सोडली, पट्टा बांधला. अंगाला तो जरा घट्टच झाला.

"औषधाच्या वेळा लिहून दे," ती म्हणाली. "आपल्या भाषेत."

उलूतीनं लिहून दिलं. सकाळी किती, दुपारी किती, रात्री किती. उलटी झाली तर काय, अन्न जात नसेल तर काय. वळणदार अक्षरात, तीस वर्षं लिहीत आली तसं. रोडानं कागद घेतला, खिडकीपाशी नेऊन दोनदा वाचला.

"बरोबर आहे?" तिनं विचारलं.

"बरोबर आहे."

रोडानं नर्सकडे पाहिलं. पण नर्सला आमची अक्षरं येत नव्हती. दवाखान्यात इंग्रजी आणि ती अक्षरं दोन्ही येणारी एकटी उलूती होती. रोडानं कागदाची घडी घातली.

"मेरीला दाखवीन," ती म्हणाली. "ती तेच औषध घेते. तिच्याकडून तपासून घेईन, मग देईन." आणि ती गेली. मागे वळून पिशवीतल्या पोरीनं उलूतीकडे पाहिलं आणि हात हलवला, नुकतीच शिकली होती.

नर्सनं उलूतीला दवाखान्यातलं एक जुनं जाकीट दिलं. ते घालून उलूती हॉलकडे परत निघाली. पायऱ्या उतरताना सवयीनं, पाठीवर ओझं असल्यासारखी, पुढे झुकली आणि कठडा धरावा लागला. हॉलमध्ये कुणी उठून गेलं नव्हतं, पेट्रोलची चिठ्ठी अजून निघायची होती, आणि दुशेनबाई पाचव्या कलमाच्या पानावर बोट ठेवून थांबल्या होत्या. उलूती आली तशी कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. ती खोपटीत बसली आणि तिनं माइक जवळ ओढला, कारण वस्तीत दुसरा दुभाषी नव्हता.